नवगावची दफनभूमी : सात जोडपी आणि नोंदीत नसलेल्या आया

अलिबागहून उत्तरेला निघालं आणि थळ मागे टाकलं की किहीमच्या अलीकडे नवगाव लागतं. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. या गावात, किनाऱ्यापासून फार लांब नाही अशा जागी, बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची जुनी दफनभूमी आहे. आत शिरलं की नजर आधी अलीकडच्या काळात उभारलेल्या उंच स्मारकस्तंभाकडे जाते. पहिल्या भेटीत मी मात्र बराच वेळ खालीच बघत राहिले. पायाशी ओबडधोबड काळे दगड होते, काही अर्धे मातीत गेलेले, काहींवर मागच्या पावसाळ्याचं शेवाळ वाळून चिकटलेलं. त्यातल्या एका दगडाशी उकिडवी बसून मी त्याच्या चारही अंगांवरून हात फिरवला. छिन्नीची एकही खूण हाताला लागली नाही. नाव नाही, साल नाही, चिन्ह नाही.

कोकणातल्या एका सबंध समाजाचा इतिहास या जागेपासून सुरू होतो असं तो समाज मानतो. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे आणि हे प्रकरण त्याच प्रश्नाचं आहे: या जमिनीत नक्की कोण आहे, आणि ज्यांच्यामुळे हा समाज इथे रुजला त्या सगळ्यांची आठवण या जागेत धरली गेली आहे का?

सांगी

समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं ते असं. पश्चिमेकडून आलेलं एक गलबत चौलच्या बंदराकडे निघालं होतं. खांदेरी-उंदेरीजवळ ते फुटलं. सात पुरुष आणि सात बायका जीव वाचवून किनाऱ्याला लागल्या, तो किनारा नवगावचा. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली. ती गावाजवळच पुरली गेली, पुरुष एका ठिकाणी आणि बायका दुसऱ्या ठिकाणी, आणि त्यावर मातीचे दोन मोठे उंचवटे झाले. सोबतची धर्मपुस्तकं, सामानसुमान सगळं पाण्यात गेलं. तोंडपाठ राहिली ती ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना.

ही हकीकत सविस्तर लिहून काढली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. त्यांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये, केहिमकर गेल्यानंतर. आडनावाकडे लक्ष द्या. किहीमचे ते केहिमकर. ज्या घराण्यातल्या माणसानं ही गोष्ट कागदावर आणली त्याचं मूळ गाव या दफनभूमीच्या शेजारचं आहे. त्यामुळे ही सांगी मी लांबून ऐकलेल्या दंतकथेसारखी वाचू शकत नाही. सांगणारा आपल्या शिवारातलं सांगतो आहे.

गोष्टीतली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे सहसा कोणी थांबून बघत नाही. उंचवट्यांखाली आहेत ते बुडालेले. त्यांचा वंश इथे वाढला नाही. समाज वाढला तो वाचलेल्या चौदा जणांपासून. असं असूनही मान मिळाला तो बुडालेल्यांच्या जागेला. याचं कारण माझ्या मते साधं आहे. या नव्या किनाऱ्यावर त्या माणसांनी केलेलं पहिलं काम म्हणजे आपली माणसं मातीआड करणं. शेत, घर, घाणा हे सगळं नंतरचं. ज्या मातीत आपलं माणूस ठेवलं तिला पाठ दाखवून पुढे जाणं कोणालाच सोपं जात नाही.

आणि ते काम त्यांनी एकट्यांनी केलं नसणार. भिजल्या अंगानं किनाऱ्याला लागलेल्या चौदा माणसांजवळ कुदळ-फावडं कुठून असणार? उंचवटा व्हावा इतकी माती उपसायला हत्यारं लागतात आणि हात लागतात. ती नवगावातल्या कुणीतरी आपल्या घरातून आणली असणार. ओळखपाळख नसलेल्या, भाषा न कळणाऱ्या माणसांच्या मयताला गाव धावून गेलं असणार. लिहून ठेवलेला पुरावा याला नाही. पण कोकणात मयताला माणसं कशी जमतात हे ज्यानं पाहिलं आहे त्याला तो मागावासा वाटणार नाही.

गावाचं नाव आडनावात

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. नवगावहून ही कुटुंबं आसपासच्या गावांत पांगली. तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. बोली मराठी झाली, लुगडं-चोळी आली, आणि आडनावं गावांवरून पडली: नवगावकर, केहिमकर, थळकर, आवासकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, राजपूरकर. अशी आडनावं शंभराच्या वर आहेत. अलिबाग, मुरूड, रोहा, पेण, श्रीवर्धन असा नकाशा समोर पसरून ही आडनावं एकेका गावावर ठेवत गेलं की त्या पहिल्या कुटुंबांचा माग डोळ्यांसमोर उभा राहतो. कबरीवर नसलेली नावं या लोकांनी अशी चालती ठेवली. दगडावर काही कोरलं नाही, पण गावाचं नाव अंगावर घेतलं.

सण-उपासांनाही मराठी नावं मिळाली. वल्हांडण म्हणजे ‘आनशी ढाकायचा सण’, कारण घरातलं आंबट घातलेलं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो सोडताना वालाचं बिरडं. ज्यांनी वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा चिमटीत धरून सोलला आहे त्यांना कळेल की हे नाव माजघरात जन्मलं आहे. ते कुठल्या धर्मपंडितानं दिलेलं नाही. हा धागा मी पुढे पुन्हा उचलणार आहे.

साल कोणतं

गलबत कधी फुटलं? केहिमकरांनी हिशेब मांडला तो इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपासचा. त्यांचा मुद्दा असा की बेने इस्रायलांना हनुक्का हा सण माहीत नव्हता. तो सण सुरू झाला इसवी सनापूर्वी १६४ मध्ये, तेव्हा ही माणसं त्याच्या आधीच मायदेश सोडून निघालेली असणार. युक्तिवाद नेटका आहे. त्याची अडचण अशी की जे विसरलं गेलं आणि जे मुळातच माहीत नव्हतं यांत फरक करायला तो जागा ठेवत नाही. सगळी पुस्तकं बुडालेला, शेकडो वर्षं दुसऱ्या कुठल्याही यहुदी वस्तीशी संबंध न राहिलेला समाज एखादा सण विसरूही शकतो. इतर कुणी हे आगमन त्याहून पुष्कळ आधी नेतात, कुणी पार सहाव्या-सातव्या शतकापर्यंत अलीकडे आणतात.

चौलचा मात्र आधार भक्कम आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या ग्रीक लिखाणात हे बंदर सेमुल्ला, सिमुल्ला अशा नावांनी येतं. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून इकडे व्यापारी गलबतं येत, आणि उत्तरेकडून चौलला जाणारं गलबत खांदेरी-उंदेरीवरून जाणार हे भूगोलानंच ठरवलेलं आहे. म्हणजे गोष्टीतली जागा पटते. साल पक्कं होत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याच घरातली. समुद्रानं चौदा प्रेतं किनाऱ्याला आणून टाकली आणि परशुरामानं ती जिवंत करून त्यांना चित्पावन केलं, अशी कथा सांगतात. चौदाच! सात आणि सात. एकाच किनारपट्टीवरच्या दोन समाजांनी आपल्या मूळ माणसांचा आकडा एकच सांगावा, दोघांच्याही गोष्टीत समुद्रानं माणसं आणून टाकावीत, याकडे डोळेझाक करता येत नाही. केहिमकरांनाही हे साम्य दिसलं होतं. याचा अर्थ गोष्ट खोटी असा मी घेत नाही. कोकणात ‘आम्ही बाहेरून आलो’ हे सांगायची एक रीत होती आणि बेने इस्रायलांनी आपली खरीखुरी दुःखद आठवण त्या रीतीत बसवून सांगितली, इतकं मात्र मला नक्की वाटतं. सात जोडपी हा आकडा म्हणूनच मी जपून धरते.

आया

सात पुरुषांबरोबर सात बायका वाचल्या, या तपशिलाचं वजन मोठं आहे. यहुदी धर्मात मूल यहुदी ठरतं ते आईवरून. सात बायका असल्या म्हणजे वंश शुद्ध. नसल्या तर पुढचे सगळे प्रश्न उभे राहतात. समाजाच्या आत हा प्रश्न फार पूर्वीच उभा राहिला होता. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. सात जोडप्यांची थेट संतती ते गोरे, आणि स्थानिक बायकांपासून झालेली संतती ते काळे. दोघांत रोटीबेटीचा व्यवहार नव्हता. हे वाचताना मला वाईट वाटतं. ज्या जातीव्यवस्थेत हे लोक येऊन पडले तिचा नियम त्यांनी आपल्याच भावंडांना लावला.

आता २०१६ सालचा अभ्यास पाहू. ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्रायलांच्या जनुकांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १८ व्यक्तींचे नमुने त्यात तपासले होते. निष्कर्ष असा की समाजात मध्यपूर्वेतल्या यहुदी वंशाचा अंश स्पष्ट आहे आणि भारतीय वंशाचा अंशही तितकाच ठळक आहे. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झालं. आणि यहुदी अंश मुख्यतः पुरुषांकडून आला, भारतीय अंश मुख्यतः बायकांकडून. नमुना लहान आहे हे लक्षात ठेवायला हवं. मिश्रणाचा काळ म्हणजे गलबत फुटल्याचा काळ असंही नाही. माणसं आधी येऊन नंतर मिसळलेली असू शकतात. तरी दिशा स्पष्ट आहे. गोरे असोत की काळे, या समाजाच्या पहिल्या आयांमध्ये कोकणच्या लेकी होत्या.

हे मला धक्कादायक वाटलं नाही, उलट बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. डेव्हिड रहाबीची गोष्ट घ्या. हा परदेशी यहुदी गुरू कोकणात आला (कधी, यावर दोन मतं आहेत: कुणी इसवी सन १००० च्या सुमाराचं धरतात, कुणी अठराव्या शतकातलं, कोचीनच्या रहाबी घराण्यातलं). हे लोक खरंच इस्रायलचे का हे पाहायला त्यानं त्यांच्या बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारून सांगितलं, हे आम्ही खात नाही. म्हणजे पापलेट, रावस, सुरमई एकीकडे. मुशी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी दुसरीकडे. रहाबीची खात्री पटली. मग त्यानं झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं आणि त्यांचे वंशज काजी, म्हणजे समाजाचे धर्मविधी चालवणारे, झाले.

परीक्षा बायकांची झाली, आणि पद पुरुषांना मिळालं. पण मला त्या टोपलीपाशी थांबायचं आहे. त्या बायका कोकणच्या लेकींच्या लेकी असतील, तर ज्या घरात मुशीचं कालवण आणि चिंबोऱ्या आनंदानं होत होत्या तिथून आलेल्या कुण्या पणजीनं ते खाणं सोडलं, नवऱ्याच्या घरची ही एक ओळख समजून घेतली आणि लेकीला शिकवली. पुस्तक नव्हतं, गुरू नव्हता. धर्म टिकला तो तिच्या चुलीवर टिकला.

मलिद्याच्या थाळीकडेही मी आता तशीच बघते. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं मांडलेली. नवस फेडताना मलिदा असतो, लग्नघरात असतो, आणि माणूस गेल्यावर सातव्या दिवशीच्या जियारतीलाही असतो. इब्री (हिब्रू) प्रार्थना आणि पोह्या-खोबऱ्याचं ताट. नवगावच्या दगडांवर मला जी अक्षरं सापडली नाहीत ती या ताटात दिसतात. भाताच्या आणि नारळाच्या देशातल्या बाईनं तिथे आपली सही केली आहे.

याच आयांपायी पुढे समाजाला मोठा अपमान सोसावा लागला. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येनं इस्रायलला जाऊ लागले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचं इतर यहुद्याशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची, आणि जमेल तितकं मागे जाऊन वंशाची चौकशी करावी. जेरुसलेममध्ये माणसं आंदोलनाला बसली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थानं यहुदी आहेत. ‘जमेल तितकं मागे’ गेलं तर शेवटी नवगावच्या किनाऱ्यावरच यावं लागतं, आणि तिथे कुठल्याही आईचं नाव लिहिलेलं नाही.

चौकशी करणाऱ्यांना त्यात संशय दिसला. मला त्यात ऋण दिसतं. सात बायका वाचल्या असोत की नसोत, हजार वर्षांहून अधिक काळ मुलांना शनिवार पाळायला, आठव्या दिवशी सुंता करायला, अमका मासा न खायला शिकवणाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या पुष्कळजणी याच मातीतल्या होत्या. त्यांच्या माहेरच्यांनीच कदाचित ती पहिली कुदळ दिली असेल.

जागेचं काय

आता व्यवहाराचं. १९५० च्या सुमारास भारतात बेने इस्रायल २०,००० च्या आसपास होते. आज ५,००० हूनही कमी आहेत, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ प्रार्थनालय आहे, रेवदंड्याला आणि पनवेलला बेथ एल आहेत, पण गावोगावच्या दफनभूम्यांजवळ राहणारी घरं उरली नाहीत. केहिमकरांचं किहीम आणि झिराडकरांचं झिराड आता मुंबईकरांच्या बंगल्यांनी भरत चाललं आहे. किनाऱ्याजवळच्या गुंठ्याला काय भाव आहे हे मी सांगायला नको. मोकळी, कुणी फारसं न येणारी, कुंपण पडलेली जमीन अशा भावात किती दिवस मोकळी राहते? नवगावला स्मारक आहे, परदेशातून माणसं येतात, म्हणून ती जागा त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. बाकीच्या छोट्या दफनभूम्यांची काळजी मला जास्त वाटते.

दफनभूमीचं वय ठरवायला खणून बघावं असं काही जण सुचवतात. मी त्याच्या विरोधात आहे. यहुदी धर्मनियमानुसार मृताला हलवणं, कबर उघडणं निषिद्ध आहे, आणि ज्यांच्या पूर्वजांची ही जागा आहे त्यांचा शब्द इथे शेवटचा. समजा हाडं मिळाली, त्यांचं वय कळलं, तरी ती गलबतातल्या माणसांची की नंतर त्याच पुण्यजागेत पुरलेल्यांची हे सांगणं कठीणच. इतक्या अनिश्चित उत्तरासाठी उंचवटा मोडायचा नसतो.

कायद्याची वाट मोकळी आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात स्मारकाच्या व्याख्येतच मातीचे उंचवटे आणि दफनाच्या जागा येतात. अट आहे ती किमान १०० वर्षं जुनं असण्याची. ती अट पुरी करायला इसवी सनापूर्वीचं साल सिद्ध करावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकातलं केहिमकरांचं लिखाण त्यासाठी पुरेसं ठरावं. २०१६ मध्ये महाराष्ट्रानं यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचाही उपयोग अशा जागांच्या कागदपत्रांसाठी व्हायला हवा. सातबारा काढून जागा कोणाच्या नावावर आहे हे प्रत्येक दफनभूमीसाठी बघणं हे पहिलं काम, आणि ते तलाठ्याच्या कार्यालयात एका दिवसात होण्यासारखं आहे.

दुसरं काम नोंदीचं. यासाठी मी एक साधा तक्ता केला आहे. दगडाला क्रमांक, लांबी-रुंदी टेपनं मोजून, तोंड कुठल्या दिशेला, अक्षर असल्यास मराठी की इब्री, अक्षराचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेला. दुपारी सूर्य डोक्यावर असताना झिजलेली अक्षरं फोटोत उठत नाहीत, हे मी एका शनिवारी सगळे फोटो वाया घालवून शिकले. नवगावच्या जुन्या दगडांपुढे नावाचा रकाना कोराच राहणार, आणि तो कोराच ठेवायचा. अंदाजानं भरायचा नाही.

पण कबरींबरोबर माणसांचीही नोंद करायची आहे. ठाण्यात, मुंबईत, आणि तिकडे अश्दोद, लोद, रामला, बेरशेबा, दिमोना इथे मराठी बोलणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांना आडनाव विचारलं की बापाचं गाव लगेच कळतं, ते तर नावातच असतं. म्हणून मी तक्त्याला मागच्या बाजूनं एक रकाना जोडला आहे, आणि फोनवर सगळ्यात आधी तोच भरून घेते: आईचं माहेर कुठलं, आणि तिच्या आईचं.